‘तुझ्या घरी सांगीन’

“मॅडम, पोरींना असलं काही शिकवलं तर त्यांना नको ते सुचायचं.” परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मी किशोरवयीन मुलामुलींचं समुपदेशन करते. शाळेत मैत्री, प्रेम, मारहाण यांवर तास घेतला की कुणी ना कुणी आई गेटाशी थांबून मला हे ऐकवतेच. मग मी तिला एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दिवाळी झाली होती, ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघायच्या होत्या. ही आई मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन बसलेली. घरातल्या एकुलत्या फोनवर तिला नववीतल्या लेकीला आलेले एका पोराचे मेसेज सापडले होते. “शाळा काढून घेते. सोयरीक आलीय, पोरगं बरं हाय. हिला मागं कुणाच्या भरवशावर ठेवू?” मुलगी १४ वर्षांची. मी म्हटलं, “ताई, आठ दिवस काहीच ठरवू नका. आधी मला तिच्याशी बोलू द्या.”

मुलगी आली ती बाहीत मनगट ओढून. तिला आधीच सांगितलं की तुझं बोलणं माझ्यापाशी राहील. पण शरीराशी कुणी गैर केलं असेल तर मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं मला ते कळवावंच लागतं. हे आधी सांगायलाच हवं, नंतर सांगितलं तर मुलांना दगा वाटतो. एवढं नीट करूनही पुढच्याच वाक्याला मी चुकले. “अशा पोराशी बोलायचंच कशाला?” असं विचारून बसले. ती गप्प झाली, ती त्या दिवशी बोललीच नाही.

दुसऱ्या वेळी मी पोराचा विषय काढला नाही. एसटीनं ये-जा कशी होते, एवढंच विचारलं. मग हळूहळू निघालं. पोरगा १६ वर्षांचा, अकरावीतला. स्टँडवर रोज वाट बघायचा. तिनं बसमध्ये कुणाशेजारी बसायचं हे तो ठरवायचा, मैत्रिणींची नावं तपासायचा, इन्स्टाचा पासवर्डही त्यानं घेतलेला. “त्याला माझी लई काळजी हाय, मॅडम.” मनगटावर हिरवट डाग होता. “रागात पिरगाळला. नंतर रडला तो.”

मी विचारलं, “तू त्याला कधी नाही म्हणालीस का? मग काय झालं?”

बराच वेळ गेला. “तुझ्या घरी सांगीन म्हणतो.”

त्याच्याकडं तिचा एक साधा सेल्फी होता, ओढणी नसलेला, बस्स. पण चुलतबहिणीचं असंच काही उघडं पडल्यावर महिनाभरात तिचं लग्न लावलेलं या मुलीनं पाहिलं होतं. शाळा सुटू नये म्हणून ती हात पिरगाळून घेत होती. त्या पोराच्या धमकीत जो काही जोर होता, तो आपल्या घरांतून आलेला होता.

मुलीला विचारून आईला हे सांगितलं तेव्हा ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “माझं तेराव्या वर्षी झालं.” २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानं १८ च्या आधी मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन गेला तर ते थांबवलं जातं, हेही मी सांगितलं. पण तिच्यावर परिणाम कायद्याचा झाला नाही. मी म्हटलं, “तुम्ही शाळा काढली तर त्या पोराचंच म्हणणं खरं होतंय.” त्यावर तिनं मान वर केली. लेकीला म्हणायचं वाक्य तिनं माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिलं: “काही झालं तरी तुझी शाळा सुटणार नाही. काय झालं ते मला सांग.” तिसऱ्यांदा तिचा आवाज बसला.

यापुढचा टप्पा फार जपून हाताळावा लागतो. संबंध तोडताना धोका वाढतो, आणि नेमकं तेव्हाच मुली ‘शेवटचं एकदा भेट’ याला भुलून एकट्या जातात. हिला भेटू दिलं नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवले, पासवर्ड बदलला, एक मैत्रीण रोज स्टँडवर सोबत राहिली. मुलीला विचारून पोराला आणि त्याच्या वडिलांना मी शाळेत बोलावलं. फोटो आमच्यासमोर पुसला गेला. तो कुठं पसरला तर सायबर पोलिसांत तक्रार होईल, हे दोघांनाही स्पष्ट सांगितलं.

पोरगा नंतर चार वेळा माझ्याकडं आला. “पोरगी ताब्यात ठेवता येईना तर कसला गडी, असं पोरं म्हणतात.” त्याच्या घरीही हेच चालत होतं. तेवढ्यावरून मी त्याला सूट दिली नाही. हात पिरगाळणं गुन्हा आहे, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. पण त्याला हे शिकवलं कुणी होतं?

आता आठवी-नववीच्या तासाला मी चिठ्ठ्या वाटते. ‘घरी पोचलीस का?’ ही काळजी की ताबा? ‘पोचलीस तर फोटो टाक, नाहीतर मी येतो’ हे काय? वर्गात भांडणं होतात, होऊ देते. मग मुलांकडून एकाच गोष्टीचा सराव करून घेते: समोरचं ‘नाही’ म्हणालं की आपण फक्त ‘बरं’ म्हणायचं. कामून नाही, कुणासाठी नाही, काही विचारायचं नाही. पहिल्यांदा सगळे हसतात. लाडका मित्र सायकल द्यायला नाही म्हणाला, असं घेऊन करायला लावलं की हसू थांबतं, कारण ते एवढंसं ‘बरं’ म्हणणंही जड जातं. हाच सराव मुलींकडूनही करून घेते.

तर असं शिकवून त्या मुलीला नको ते सुचलं का? तिला ते माझ्या आधीच सुचलेलं होतं. बोलायला माणूस तेवढं नव्हतं.

ती आजीपाशी राहून शाळेला जाते. वडील अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. संक्रांतीच्या सुमाराला आईचा कोपीवरून, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीवरून, फोन आला. “मॅडम, टोळीत दोन पोरी हायत हिच्याच वयाच्या. मी बोलायलेय त्यांच्याशी, पण त्यांच्या माया मला गप बसवायल्यात. तुम्ही बोलाल का त्यांच्याशी?” पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, टोळी परतली की तिच्या वस्तीवर जायचं ठरलंय.