मारखा खोऱ्याचा ट्रेक सह्याद्रीत फिरणाऱ्याला झेपेल का?

तुम्ही म्हणताय, हरिश्चंद्रगड-कळसूबाई नेहमीचेच आहेत, तंबू नकोत, लडाखी घरांत राहूनच मारखा करायचाय. जमेल का आणि कधी जावं?

पायांना जमेल. प्रश्न पायांचा नाहीच, उंचीवरच्या विरळ हवेचा आहे. कळसूबाई 1,646 मीटर. विमानातून लेहला उतरलात की 3,500 मीटरवर उभे, म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी त्याच्या वरच. मी हरिश्चंद्रगडाच्या अवघड नळीच्या वाटेनं चढलेली बाई, मला काय होतंय, असं म्हणत पहिल्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढले. रात्रभर डोकं ठणकलं, दोन उलट्या झाल्या, दुसरा दिवस अंथरुणात गेला. त्यामुळे लेहमध्ये दोन पूर्ण दिवस नुसतं लोळायचं. डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. आणि वर कुठेही डोकेदुखी वाढत चालली, चालताना झोक जायला लागला, तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

वाट अशी: चिलिंग, स्किऊ, मारखा, हांकर, निमालिंग, मग कोंगमारू ला ('ला' म्हणजे खिंड) ओलांडून शांग सुमदो. आता गाडीरस्ता बराच आत आलाय. चिलिंगपासून धुळीत चालण्यात काही मजा नाही, स्किऊपासून सुरू करा. घरं हांकरपर्यंतच. निमालिंग हे उन्हाळी चराऊ कुरण, 4,700 मीटरच्या वर, तिथे एक रात्र तंबूला पर्याय नाही.

घरात राहायचं ठरवलंत ते बाकी उत्तम. मारख्यात आम्हाला कुठलं घर ते गावच्या पाळीप्रमाणे मिळालं. अख्खं घर स्वयंपाकघरातच जगतं: मधोमध लोखंडी चूल, भिंतभर फळ्यांवर घासूनपुसून मांडलेली तांब्या-पितळेची भांडी, कडेनं बसायला गालिचे. आमा-ले (म्हणजे आई, 'ले' आपल्या 'जी'सारखं) लाकडी नळकांड्यात लोणी-मिठाचा चहा घुसळत होत्या. त्याला गुरगुर चहा म्हणतात, घुसळताना आवाजच तसा येतो. चहा म्हणून प्यायलात तर फसाल, सूप समजून प्या. एक घोट घेतला की पेला पुन्हा काठोकाठ, म्हणून पुरे झाला तर भरलेलाच ठेवायचा. मला ङाम्फे, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, चहात कालवून दिलं, आणि चव थेट आजीच्या सातूच्या पिठाची!

संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. आपलं झालं की फावडंभर माती लोटायची; त्याचंच पुढे शेतात खत होतं. पाणी ओतू नका.

वाटेत मणी भिंती लागतील, 'ॐ मणि पद्मे हूँ' कोरलेल्या दगडांच्या. भिंत आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं. दिसेल त्याला 'जुले' म्हणा; नमस्कार, आभार, निरोप सगळं त्यातच येतं.

केव्हा जावं? सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. मी जुलैअखेर गेले आणि नदीनं दमवलं. दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी चढतं. सकाळी पोटरीपर्यंत असलेला प्रवाह तीन वाजता मांडीला लागतो. नदी ओलांडायची ती सकाळीच, पट्ट्याच्या सँडल घालून. अनवाणी नको, बधिर पायाला दगड कळत नाही.

कोंगमारू ला साधारण 5,200 मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जेमतेम वर, म्हणून शेवटच्या चढाला वीस पावलं आणि थांबा, वीस पावलं आणि थांबा. माथ्यावर पताका फडफडत असतात आणि लडाखी सोबती 'की की सो सो ल्हा ग्यालो' ओरडतात, देवांचा विजय असो. पलीकडे घळीतून दीडेक हजार मीटरचा उतार, ओढा सतराशे साठ वेळा या काठावरून त्या काठावर. इथे मात्र सह्याद्री कामाला आला. सगळी वाट माझ्या पुढे पळणारे दोघे गुडघे धरून बसले होते आणि मी तासभर आधी शांग सुमदोत पोचून मॅगी खात होते.