बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाचा आहार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे अडीच महिन्यांचे बिअर्डेड ड्रॅगनचे पिल्लू आहे. रातकिडे समोर सोडले की ते त्यांच्यावर तुटून पडते, पण भाजीच्या बशीकडे ढुंकूनही पाहत नाही. हा सरडा मुख्यतः पाला खातो असे काही जण सांगतात, तर त्याला फक्त किडेच द्यावेत असे इतर काही जण म्हणतात. त्याला काय, किती आणि दिवसातून किती वेळा द्यावे?

उत्तर : आपल्याला मिळालेले दोन्ही सल्ले वयाचा उल्लेख न करता दिले गेले आहेत आणि गोंधळ त्यामुळेच झाला आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या प्रदेशात राहणारा हा सरडा किडेही खातो आणि पालाही. मात्र या दोहोंचे प्रमाण वयानुसार बदलते. अंड्यातून बाहेर येताना जेमतेम १० सेंटिमीटर लांब आणि अवघ्या काही ग्रॅम वजनाचे असलेले पिल्लू वर्ष-दीड वर्षात ४० सेंटिमीटरच्या पुढे जाते. एवढ्या झपाट्याने शरीर घडायचे तर भरपूर प्रथिने लागतात आणि ती त्याला किड्यांतूनच मिळतात. म्हणून पहिल्या काही महिन्यांत आहाराचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग किड्यांचा आणि उरलेला पालेभाज्यांचा असावा. पूर्ण वाढ झाल्यावर हेच प्रमाण उलटे करावे लागते, कारण मोठ्या सरड्याला पिल्लासारखे किडे चारत राहिले तर त्याच्या अंगावर आणि यकृतात चरबी साठते.

अडीच महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून दोन ते तीन वेळा किडे द्यावेत. किती द्यावेत याचा ठरावीक आकडा मी सांगत नाही, कारण रातकिड्यांच्या आकारानुसार आणि पिल्लाच्या भुकेनुसार तो रोज बदलतो. त्याऐवजी वेळ ठरवून घ्यावी : १० ते १५ मिनिटांत ते आपणहून जितके खाईल तितके खाऊ द्यावे आणि उरलेले किडे त्याच्या घरातून काढून घ्यावेत. ही शेवटची गोष्ट पुष्कळांकडून राहून जाते. मोकळे राहिलेले रातकिडे रात्री झोपलेल्या पिल्लाच्या बोटांना, शेपटीला आणि पापण्यांना कुरतडतात, आणि अशा त्रासामुळे घाबरलेले पिल्लू पुढे किड्यांपासूनच दूर राहू लागते. चार महिन्यांनंतर दिवसातून दोनदा आणि पुढे वाढीचा वेग मंदावत जाईल तसे एकदाच किडे पुरतात.

किड्याच्या आकाराबाबत मात्र सवलत घेऊ नये. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नये, हा पाळणाऱ्यांमधला जुना नियम आजही सर्वांत सोपा आणि भरवशाचा आहे. मोठ्या किड्याचे कठीण कवच पिल्लाला नीट पचत नाही आणि आतड्यात अडथळा निर्माण होण्याचा धोका असतो. पिल्लाच्या घरातील उष्णता कमी असेल तर हा धोका आणखी वाढतो. रोजच्या आहारासाठी लहान रातकिडे, डुबिया झुरळांची पिल्ले, ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या आणि रेशमाच्या अळ्या चांगल्या असतात. मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) कवचाच्या मानाने कमी पोषक असल्याने इतक्या लहान पिल्लाला ते नेहमीच्या आहारात देऊ नयेत; मेणकिड्याच्या अळ्या तर चरबीने भरलेल्या असतात आणि पिल्लाला त्यांची चटक लागली की ते दुसरे काही खायला तयार होत नाही.

किडा स्वतः उपाशी असेल तर पिल्लाच्या पोटात पोषण म्हणून फारच थोडे जाते, याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. विकत आणलेले रातकिडे बहुधा उपाशी असतात. ते पिल्लाला देण्यापूर्वी किमान २४ तास त्यांना ताजा पाला, गाजर, भोपळा आणि त्यांच्यासाठी मिळणारे कोरडे खाद्य द्यावे, म्हणजे त्यांच्या पोटातील अन्न पिल्लालाही मिळते.

आता भाजीविषयी. पिल्लू आज ती खात नाही म्हणून बशी ठेवणे बंद करू नये, कारण वर्षभराने याच भाजीवर त्याचा मुख्य आहार चालणार आहे आणि ओळख लहानपणीच व्हायला हवी. सकाळी दिवे लागून अंग तापल्यावर, किडे देण्यापूर्वी, बारीक चिरलेला ओला पाला समोर ठेवावा. या सरड्यांचे लक्ष हालचालीने वेधले जाते, त्यामुळे पाल्यावर दोन-तीन अळ्या सोडल्या तर त्या टिपताना पानाचा तुकडाही तोंडात जातो आणि हळूहळू चव कळते. मात्र भाजी खावी म्हणून वाढत्या पिल्लाला किड्यांवाचून उपाशी ठेवणे मला मुळीच मान्य नाही. मोहरीची पाने, डँडेलियनची पाने, एंडाइव्ह, कोलार्डची पाने, किसलेला भोपळा आणि थोडी ढोबळी मिरची हे चांगले पर्याय आहेत. पालक आणि बीटाची पाने यांतील ऑक्सॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून ती रोजच्या बशीत नसावीत. आइसबर्ग लेट्यूसमध्ये पाण्याखेरीज फारसे काही नसते. फळ गोड असल्याने क्वचित आणि अगदी लहान तुकडाच द्यावा. अ‍ॅव्होकाडो, ऱ्हुबार्ब आणि कांदा कधीही देऊ नये.

प्रश्न : पिल्लाला कॅल्शियमची पावडर रोज द्यावी का? आमच्याकडील डब्यावर डी३ जीवनसत्त्व घातल्याचे लिहिले आहे. आम्ही पिल्लाची काचेची टाकी खिडकीशी ठेवतो आणि दिवसभर ऊन येते, त्यामुळे वेगळा यूव्हीबी दिवा घेतलेला नाही.

उत्तर : आपल्या प्रश्नातील शेवटचे वाक्य वाचून मला काळजी वाटली, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषले जाण्यासाठी डी३ जीवनसत्त्व लागते, आणि ते हा सरडा आपल्या त्वचेत सूर्यप्रकाशातील यूव्हीबी किरणांच्या, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांच्या साहाय्याने तयार करतो. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. म्हणजे आपल्या पिल्लाला दिवसभर उजेड मिळतो, पण त्या उजेडातला त्याच्या हाडांना हवा असलेला भाग मिळत नाही. शिवाय थेट उन्हात ठेवलेली काचेची टाकी थोड्याच वेळात इतकी तापू शकते की पिल्लाच्या जिवावर बेतावे. टाकी आजच खिडकीपासून दूर हलवावी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली चांगल्या प्रतीची लांब यूव्हीबी ट्यूब शक्य तितक्या लवकर बसवावी. ट्यूब आणि पिल्लू यांच्या मध्ये काच किंवा प्लास्टिक असू नये. दाट जाळीही बराच भाग अडवते, त्यामुळे उत्पादकाने सांगितलेले अंतर जाळी धरून मोजावे. ट्यूब डोळ्यांना प्रकाशमान दिसत राहिली तरी तिच्यातील यूव्हीबी काळानुसार घटत जाते, म्हणून सहा महिने ते वर्षभराने, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या मुदतीनुसार, ती बदलावी लागते. दिवसाचे १२ ते १४ तास दिवा चालू आणि रात्री पूर्ण अंधार, असा क्रम ठेवावा.

याच्या जोडीला उष्णता हवी. हा प्राणी स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करत नाही. पोटातले अन्न पचवण्यासाठी त्याला बाहेरून तापावे लागते. टाकीच्या एका टोकाला अंग शेकण्याची जागा असावी आणि तिच्या पृष्ठभागाचे तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस असावे. दुसरे टोक २५ ते २८ अंशांच्या आसपास थंड असावे, म्हणजे ऊब हवी की गारवा हे पिल्लाला स्वतः ठरवता येते. तापमान हाताने चाचपून किंवा अंदाजाने ठरवू नये, तापमापकाने मोजावे. उत्तम अन्न देऊनही पिल्लू खंगत असेल, तर मी सर्वप्रथम हीच दोन टोके आणि यूव्हीबी ट्यूब तपासायला सांगतो, कारण या सरड्याच्या बाबतीत उष्णता आणि प्रकाश यांना आहारापासून वेगळे काढताच येत नाही.

आता पावडरीकडे वळू. आहारात फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम असावे, पण रातकिड्यांत परिस्थिती उलटी असते : फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट अधिक असतो. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या हा यातला सुखद अपवाद आहे, कारण त्यांच्या कवचातच कॅल्शियम साठलेले असते. इतर किडे मात्र पावडर न लावता देऊ नयेत. पिशवीत किडे आणि चिमूटभर पावडर घालून हलकेच हलवावे. किड्यांवर पातळ थर बसला की पुरे, ते पांढरेशुभ्र झाले तर पिल्लू ते नाकारू शकते. चांगली यूव्हीबी ट्यूब बसवल्यानंतर आठवड्यातले बहुतेक दिवस एका वेळच्या किड्यांना डी३ नसलेले साधे कॅल्शियम कार्बोनेट लावावे, आणि डी३ असलेली आपल्याकडील पावडर आठवड्यातून एक-दोनदा वापरावी. डी३ चरबीत साठणारे जीवनसत्त्व असल्याने ते गरजेपेक्षा जास्त दिल्यासही अपाय होतो. बहुजीवनसत्त्वांची पावडर आठवड्यातून एकदा पुरते, आणि तिच्यात अ जीवनसत्त्व बीटा-कॅरोटीनच्या रूपात असेल तर ते अधिक सुरक्षित.

ट्यूब बसेपर्यंत पिल्लावर बारीक नजर ठेवावी. बोटांची किंवा पायांची थरथर, जबडा मऊ किंवा सुजलेला वाटणे, पाय वाकडे होणे, चालताना अंग उचलता न येणे ही हाडांच्या चयापचयाच्या आजाराची लक्षणे आहेत. त्यांपैकी एकही दिसले तर घरगुती उपाय करत न बसता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी न्यावे. हा आजार वेळीच ओळखला तर त्याला थांबवता येते, पण वाकलेली हाडे पुन्हा सरळ होतीलच असे नाही.

प्रश्न : बागेतील किडे पकडून पिल्लाला दिले तर चालतील का?

उत्तर : नाही. त्यांच्यावर कोणते कीटकनाशक पडले आहे हे आपल्याला कळू शकत नाही आणि त्यांच्यातून परजीवी जंतू येऊ शकतात. काजव्यांच्या बाबतीत तर अधिक कडक राहावे लागते. त्यांच्या शरीरात हृदयावर परिणाम करणारे विष असते, आणि एखादाच काजवा खाल्ल्याने बिअर्डेड ड्रॅगनचा मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

प्रश्न : नवीन आणलेले पिल्लू दोन दिवसांपासून काही खात नाही. पाण्याच्या वाटीलाही तोंड लावत नाही. काय करावे?

उत्तर : नव्या जागी आलेले पिल्लू पहिले काही दिवस कमी खाते, हे स्वाभाविक आहे. त्याला सतत हाताळू नये, टाकीची एक बाजू झाकून लपायला जागा द्यावी आणि वर दिलेल्या आकड्यांनुसार तापमान तपासावे. दिवे लागल्यावर तासभर अंग शेकू द्यावे आणि मगच किडे सोडावेत; संध्याकाळचा शेवटचा घास दिवे बंद होण्याच्या किमान दोन तास आधी झालेला असावा, कारण पोट भरलेले पिल्लू थंड पडले तर अन्न पोटातच राहते. कात टाकण्याच्या दिवसांतही भूक मंदावते. दोन पिल्ले एकत्र ठेवली असतील तर त्यांना ताबडतोब वेगळे करावे, कारण बळकट पिल्लू दुसऱ्याला खाऊ देत नाही आणि प्रसंगी त्याची बोटे किंवा शेपटीही चावते.

स्थिर पाणी अनेक पिल्लांना पाणी म्हणून ओळखताच येत नाही. दिवसातून एकदा नाकाच्या टोकावर पाण्याचे एक-दोन थेंब सोडावेत, ते चाटून घेते. ओला पालाही उपयोगी पडतो. मात्र तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नये, ते फुफ्फुसात जाऊ शकते. विष्ठेसोबत येणारा पांढरा भाग मऊ असेल तर पाणी पुरेसे मिळत आहे. तो पिवळसर आणि कडक असेल तर शरीरात पाण्याची कमतरता आहे.

ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर पिल्लाचे आजचे वजन करून लिहून ठेवावे आणि तूर्त दर दोन दिवसांनी पुन्हा करावे. तापमान आणि प्रकाश योग्य असूनही आणखी दोन-तीन दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, किंवा वजन घटत गेले, डोळे खोल गेले, जुलाब झाले, तर पशुवैद्यांकडे जाताना ताज्या विष्ठेचा नमुना स्वच्छ डबीत सोबत न्यावा. पिल्लांमध्ये कॉक्सिडिया (आतड्यातील एकपेशीय परजीवी) आणि सूत्रकृमी वारंवार आढळतात आणि त्यांचे निदान विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते. नमुना हाताळल्यावर, तसेच पिल्लाला किंवा त्याच्या भांड्यांना हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी आणि पिल्लाची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.