दौलतजादा म्हणजे काय, आणि त्यातला ‘जादा’ कुठला?

‘लग्नाच्या वरातीत नोटांची दौलतजादा’ अशी बातमी वाचून तुम्ही विचारलंय, की हा शब्द शहजादासारखा आहे का आणि उधळपट्टीला तो का लावतात.

शहजाद्याशी त्याचं नातं नाही. तिथला ‘जादा’ म्हणजे फारसीत ‘जन्मलेला’, शहाच्या पोटचा. दौलतजादातला ‘जादा’ मात्र एसटीच्या ‘जादा गाड्यां’मधला, मूळ अरबी ‘जियादा’. दौलत जियादा, म्हणजे तुमची दौलत वाढो! बिदागी घेताना कलावंतीण देणाऱ्याला हा दुवा द्यायची. पुढे दुवा मागे पडला आणि त्या पैशालाच ते नाव चिकटलं. तमाशातून ते कुठल्याही वारेमाप खर्चाला लागलं.

दौलत शब्दही पाहण्यासारखा आहे. अरबी मुळात अर्थ आहे फिरणं, पाळी येणं. आज या हातात, उद्या त्या. आपल्या जुन्या कागदपत्रांत तर दौलत म्हणजे राज्यच: शिंद्यांची दौलत, होळकरांची दौलत.

मला हा शब्द खऱ्या अर्थानं कळला तो सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबला, संगीत बारी, म्हणजे थिएटरातली बैठकीच्या लावण्यांची मैफल, ऐकताना. समोरच्या बैठकीतून एकानं जुन्या लावणीची फर्माईश केली आणि नोट पुढे धरली. बाई आल्या, नोट घेतली, कपाळाला लावली, पेटीवाल्याकडे दिली आणि मग लावणी सुरू झाली. तिथं दौलतजादा म्हणजे मिळकत. त्यातूनच थिएटरमालकाचा वाटा जातो, ढोलकीवाल्याचं, पेटीवाल्याचं घर चालतं. तिला उधळपट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

हातात देणं आणि अंगावर उधळणं यातला फरक कायद्यानंही मानलाय. महाराष्ट्राच्या 2016च्या डान्स बार कायद्यावर निकाल देताना जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बक्षिशी द्यायला मोकळीक दिली, पण नोटा-नाणी उधळण्यावरची बंदी कायम ठेवली.

म्हणून तुमच्या त्या बातमीत मी दौलतजादा लिहिलं नसतं. वरातीत नोटा फेकल्या, दुवा कुणी दिला नाही, कला कुणी सादर केली नाही. तिथं ‘उधळपट्टी’च नेमका शब्द आहे. उधळणे आलंय संस्कृत ‘उद्धूलन’वरून, म्हणजे धूळ उडवणं. जेजुरीला भंडारा उधळतात ना, तेच क्रियापद.