‘व्हेरिएंट’: पर्याय, पाठभेद की रूपभेद?

चिनी डोमेन नावांवरच्या (म्हणजे वेबसाइटच्या चिनी अक्षरांतल्या पत्त्यांवरच्या) लेखाचा अनुवाद करताना ‘व्हेरिएंट’साठी ‘पर्याय’ लिहावं की ‘पाठभेद’, असं तुम्ही विचारलंय. मी ‘रूपभेद’ लिहीन. पर्याय म्हटलं की दोहोंतलं एक घ्यायचं, दुसरं सोडायचं. इथे तर एकाच नावाची पारंपरिक आणि सुलभ लिपीतली दोन्ही रूपं एकाच मालकाकडे राहावीत म्हणून सगळा खटाटोप आहे.

‘देश’ या अर्थाचा चिनी शब्द ‘ग्वो’ घ्या. तैवान-हाँगकाँगमध्ये तो 11 रेघांनी लिहितात. चीनमध्ये 1956च्या सुलभीकरणापासून 8 रेघांनी. उच्चार तोच, अर्थ तोच. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, दोन्हींचे क्रमांक निराळे, त्यामुळे डोमेन यंत्रणेच्या लेखी ही दोन अनोळखी नावं. रोमन लिपीतलं मोठं आणि लहान अक्षर ती एकच धरते, तशी सोय इथे नाही. दुकानदाराने सुलभ रूपातलं नाव घेतलं आणि पारंपरिक रूप तिसऱ्याच कुणी बळकावलं, तर गिऱ्हाईक भलत्याच दारात जाणार.

(आपल्या ‘ल’चीही मराठी आणि हिंदी वळणं वेगळी दिसतात, पण क्रमांक एकच, फरक फक्त फॉन्टचा. म्हणून आपल्याला ही अडचण चटकन जाणवत नाही.)

मग यंत्रणेतच दोन्ही अक्षरं एक का धरत नाहीत? मला सगळ्यात रंजक वाटतं ते इथलं कारण. ‘जी’ म्हणजे यंत्र: पारंपरिक रूप 16 रेघांचं, सुलभ 6 रेघांचं. तेच 6 रेघांचं अक्षर जपानीत ‘त्सुकुए’, म्हणजे लिहायचं मेज! यंत्रासाठी जपानी लोक 16 रेघांचंच अक्षर वापरतात. सरसकट एक केलं, तर जपानी नावांत मेज आणि यंत्र यांत भेदच उरणार नाही. शिवाय चिनीतही गुंता आहेच. ‘फा’चं एक सुलभ अक्षर पारंपरिक लिपीतल्या दोन अक्षरांच्या जागी येतं: एक ‘पाठवणे’, दुसरं ‘डोक्याचे केस’. त्यातलं कोणतं अभिप्रेत आहे, हे नुसत्या अक्षरावरून यंत्राला कळत नाही.

म्हणून निर्णय डोमेन नावं नोंदवून देणाऱ्या नोंदणी संस्थांवर सोपवला गेला. चीन, तैवान, जपान आणि कोरिया इथल्या तज्ज्ञांनी 2004मध्ये मार्गदर्शक तत्त्वं मांडली, 2006मध्ये खास चिनी नावांसाठीची पद्धत आली. नाव नोंदवलं की त्याच्या सगळ्या रूपभेदांचा एक संच होतो. मागितलेलं नाव, पूर्ण सुलभ रूप आणि पूर्ण पारंपरिक रूप चालू होतात. उरलेली सरमिसळ रूपं राखीव राहतात, दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत. 2010मध्ये ‘चीन’ या अर्थाचं टोकाचं डोमेनही (पत्त्याच्या शेवटी ‘.com’सारखं येणारं) दोन्ही रूपांत चीनच्याच नोंदणी संस्थेला मिळालं.

‘पाठभेद’ मला आवडतो, पण तो पोथ्यांचा शब्द. दोन प्रतींत शब्दच बदलतो आणि मूळ कोणता हा वाद राहतो. इथे शब्द एकच आहे आणि दोन्ही रूपं तितकीच खरी. तेव्हा ‘नावासोबत त्याचे रूपभेदही राखून ठेवले जातात’ असं वाक्य करा.