अंगणवाडीच्या ओट्यावरून : झोळीचं वजन वजा केलं का?

या महिन्यात आठ पत्रं आली. त्यातली तीन मानधनाबद्दलची आहेत. त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा तुमची संघटना नीट देईल, मी उगाच तोंड घालत नाही. उरलेली पाच घेते. नव्या वाचकांसाठी सांगते : मी बीड जिल्ह्यातल्या केज-धारूर भागात एकोणतीस वर्षं मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची सुपरवायझर, होते. अंगणवाडीच्या नोंदींचं मोबाईल ॲप, पोषण ट्रॅकर, आलं मार्च २०२१ मध्ये, तोवर मी घरी बसले होते. त्यामुळे मोबाईलमधलं जे काही सांगते ते सुनेकडून शिकलेलं आहे. ती सेविका आहे आणि सासूला शिकवायची संधी ती सोडत नाही.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत ४३ लेकरं आहेत. वजन-उंची भरली की दर महिन्याला दोन-तीन लेकरं ॲपवर लाल, म्हणजे तीव्र कुपोषित, दिसतात. शेजारच्या गावात एकही नाही. बैठकीत सगळ्यांसमोर मला विचारलं, तुमच्याच गावात कुपोषण कसं? माझं कुठं चुकतं? — एक सेविका, बीड जिल्हा

ताई, लाल दिसतात म्हणजे तुमचं चुकलं, असं मी धरणार नाही. शेजारच्या गावात एकही लाल नाही हे ऐकून मला तरी आनंद झाला नाही. ४३ लेकरांत दोन-तीन सापडणं म्हणजे कुणीतरी नीट बघतंय.

तरी माप तपासून घ्या. चूक बहुतेक उंचीत होते. दोन वर्षांच्या आतलं लेकरू झोपवून मोजायचं, त्यापुढचं उभं करून. झोपवलं की मदतनीसबाईनं दोन्ही हातांनी डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, लेकराची नजर सरळ आढ्याकडे. तुम्ही एका हातानं गुडघे दाबायचे आणि दुसऱ्या हातानं खालची फळी तळव्यांना भिडवायची. लेकरू रडतं, पाय आखडतं, आई म्हणते राहू द्या हो ताई, आणि गुडघा वाकलेलाच राहतो. मग दोन सेंटिमीटर कमी भरतात. आता यातली गंमत बघा. लाल-पिवळं ठरतं ते उंचीच्या मानानं वजन किती यावर. उंची कमी लिहिली की त्या उंचीला लागणारं वजनही कमी धरलं जातं, आणि वाळलेलं लेकरू कागदावर ठणठणीत होतं. बुटकं दिसेल, पण लाल दिसणार नाही. शेजारच्या गावातले गुडघे एकदा बघायला हवेत, असं मला वाटतं ते यामुळेच. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला उभंच करून मोजावं लागलं तर मापात ०.७ सेंटिमीटर मिळवायचे. मोठ्याला झोपवून मोजलं तर तेवढेच वजा.

वजनाबद्दल माझीच एक फजिती सांगते. १९९८ सालची. तेव्हा लिंबाच्या फांदीला काटा टांगायचा आणि लेकराला झोळीत बसवायचं. एका वाडीत एका महिन्यात झाडून सगळ्या लेकरांचं वजन पाव-पाव किलोनं वाढलं. बैठकीत मी त्या ताईला उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. पुढच्या महिन्यात वाडीवर गेले तर झोळी नवीन. जुनी फाटली म्हणून तिनं गोधडीच्या कापडाची दुहेरी शिवली होती, अगदी काठाला लाल दोऱ्याची शिलाई. रिकामी झोळी अडकवून बघितली, तर काटा पाव किलोच्या पुढं. शून्यावर आणायचा राहूनच गेला होता. कुपोषणाच्या श्रेणी ३ मधून वर चढलेली तीन लेकरं त्याच दुपारी परत खाली आली. त्या ताईला मी काय बोलणार? टाळ्या तर मी वाजवल्या होत्या.

काटा आता डिजिटल आहे, पण आधी रिकामा बघायचाच. खाली सपाट फरशी हवी, सतरंजी नको.

लाल निघालेल्या लेकराची दंडाची पट्टीही घ्या. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पट्टी कातडीला चिकटलेली पण आवळलेली नको. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचं माप ११.५ सेंटिमीटरच्या आत असलं तर तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या मध्ये असलं तर मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला तर वजन कितीही चांगलं असो, त्याच दिवशी दवाखाना. सुजेचं पाणीही काट्यावर भरतं, हे विसरू नका.

बैठकीत पुन्हा विचारलं तर लेकरागणिक एक ओळ वाचून दाखवा : नाव, दंडाचं माप, नर्सबाईंना कधी दाखवलं, ग्राम बाल विकास केंद्रात घेतलं की पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं. अशी ओळ वाचली की आवाज आपोआप खाली येतो. २००५ साली कुपोषणासाठीचं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं ते आपल्या संभाजीनगरातून, तेव्हाच्या औरंगाबादेतून. त्या दिवसांत आमच्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या सगळ्या अंगणवाड्यांत, एकूण एक लेकरू वजन करायचं ठरलं आणि पहिल्या महिन्यात माझे आकडे भसाभसा वाढले. मीही बोलणी खाल्ली. लेकरं तीच होती, फक्त आधी मोजलेली नव्हती.

प्रश्न : दिवाळी झाली की वाडीतली निम्मी लेकरं आई-बापासोबत ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्यापर्यंत. हजेरी पडते. नावंच कमी करून टाका, असा सल्ला मिळाला. करू का? — सेविका, धारूर तालुका

नाही करायची. नाव काढलं की ते लेकरू इथलंही राहत नाही आणि तिथलंही होत नाही. पोषण ट्रॅकरवर लाभार्थी दुसऱ्या अंगणवाडीकडे पाठवायची सोय आहे, परराज्यातसुद्धा. आपली टोळी कर्नाटकात गेली तरी चालतं. राज्यानं स्थलांतरित लेकरं आणि गरोदर बायांसाठी महा-एमटीएस ही वेगळी नोंदही आणली आहे. दोन्ही आपल्या सुपरवायझर मॅडमकडून समजून घ्या.

पण मोबाईलच्या आधीचं काम मुकादमाकडे, म्हणजे तोडीची टोळी नेणाऱ्याकडे, आहे. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटली की कोणता कोयता, म्हणजे तोडणारं कोणतं जोडपं, कोणत्या कारखान्याला जाणार हे त्याला ठाऊक असतं. त्याचा नंबर, कारखान्याचं नाव आणि गाडीसेंटरचं, म्हणजे टोळीच्या मुक्कामाचं, ठिकाण दसऱ्यालाच वहीत लिहून घ्या. गाड्या भरायच्या दिवशी कुणी थांबून सांगत नाही. भांडी, कोंबड्या, शेळी आणि म्हातारी एकाच ट्रॉलीत चढत असते.

आईच्या हातात तीन गोष्टी द्या. पहिली, माता-बाल संरक्षण कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. कोपीत, तिथल्या झोपडीत, पाणी शिरतं, कार्डाचा लगदा होतो. दुसरी, तुमचा नंबर, कार्डाच्या मागं मोठ्या आकड्यात. तिसरी, निघायच्या आधीचा घरपोच आहार, देय असेल तर. आणि तिला सांगा : तिथल्या अंगणवाडीत जाऊन उभी राहा आणि माझ्याशी फोनवर बोलणं करून दे. माझ्या एका ताईनं असं बावीस लेकरांचं केलं होतं. पलीकडच्या सेविका आधी कुरकुरल्या, पण आवाज ऐकल्यावर बहुतेकींनी नावं घेतली.

एक डोळ्यासमोरून जात नाही. मी एकदा फडावर गेले होते. पहाटे चारला आई-बाप तोडीला, आणि टायरगाडीच्या खाली साडीच्या झोळीत दहा महिन्यांचं लेकरू. त्याला सांभाळायला सहा वर्षांची बहीण. तिच्या हातात उसाचं कांडं, तेच दोघं आळीपाळीनं चोखत होते. फडाजवळ पाळणाघर हवं ते यासाठी. केंद्राची पाळणा योजना आहे. त्यात सहा महिने ते सहा वर्षांची लेकरं दिवसाला साडेसात तास आणि महिन्याचे २६ दिवस सांभाळायची आहेत. पण ऊसतोडीचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. तेव्हा दार उघडणारं पाळणाघर अजून माझ्या बघण्यात नाही.

प्रश्न : चेहरा जुळत नाही म्हणून आहार द्यायचा नाही का? रेंज नाही, मोबाईल जुना. — सेविका, हिंगोली जिल्हा

पोषण ट्रॅकरवरची चेहरा पडताळणी १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लागू झाली. उन्हात आई उभी, डोक्यावर पदर, कॅमेरा धुळीनं भरलेला, मग कसा जुळणार? सावलीत या, पदर मागं घ्या, काच पुसा, आणि ई-केवायसी रेंज असलेल्या गावी आधीच उरकून ठेवा. लेकराचं आधार नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. आईच्या आधारावर नोंद चालते. तरीही जुळलं नाही तर तारीख-वेळ वहीत लिहा आणि त्याच दिवशी वर लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

प्रश्न : गावात इंग्रजी नर्सरीची पिवळी गाडी येते. पालक म्हणतात, तुमच्याकडं नुसती खिचडी. मीही एबीसीडी लिहून घेऊ का? — सेविका, लातूर जिल्हा

साडेतीन वर्षांच्या लेकराची बोटं अजून पेन्सिलीची झालेली नसतात हो. त्याच्यासमोर मूठभर चिंचोके ओता आणि अरुंद तोंडाच्या बाटलीत एकेक टाकायला सांगा. अंगठा आणि तर्जनी जुळून चिंचोका उचलला जातो, जीभ बाहेर येते, श्वास रोखलेला असतो. तीच पेन्सिलीची तयारी. फक्त चिंचोका नाकात किंवा तोंडात जात नाही ना, तेवढी नजर ठेवायची. त्याहून लहान लेकरांच्या हाती तो देऊच नका.

तुमच्याकडं अभ्यासक्रम नाही असंही नाही. आपल्या राज्याचा ‘आकार’ आहे. केंद्रानं मे २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ सुरू केलं. त्यात तीन वर्षांच्या आतल्यांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहाच्या लेकरांसाठी ‘आधारशिला’ आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एका माळेत. पुस्तकं कपाटात असतील तर बाहेर काढा. आमच्याकडं ती पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांसारखी जपली जायची.

पालकांना भाषण देऊ नका, ओट्यावर बोलवा. तूर, हरभरा आणि मूग एकत्र करून लेकरांना निवडायला बसवा आणि आयांना फक्त बघू द्या. वेगळं करणं, मोजणं, कमी-जास्त सांगणं, सगळं त्यात येतं. ताराबाई मोडकांनी बोर्डीला अंगणात लेकरं गोळा केली तेव्हा त्यांच्याकडंही पानं, दगड, शिंपलेच होते. त्यातून तर आपल्याला अंगणवाडी हे नाव मिळालं. तरी कुणी पिवळ्या गाडीत बसवलंच, तर बसवू द्या. लेकरू सहा वर्षांचं होईपर्यंत आहार, लसी आणि वजनाला तुमच्याकडंच येणार आहे, तोंड कडू करू नका.

प्रश्न : आठ महिन्यांच्या लेकराला सासूबाई वरणाचं नुसतं पाणी देतात. घट्ट दिलं की ते थुंकतं. — एक आई, नांदेड

वरणाच्या पाण्यात डाळ नसते, हळद असते. लेकराचं पोट त्याच्या मुठीएवढं, ते पाण्यानं भरलं की संपलं. पण घट्ट गिळवत नाही ही त्याची तक्रारही खरी आहे, त्यावर जुना उपाय सांगते. गहू रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, कडक उन्हात वाळवा, मोड चोळून काढून टाका, जरासे गरम करून दळा. जास्त भाजले तर गुण जातो. आता डाळ-तांदळाची पेज चमचा उभा राहील इतकी घट्ट शिजवा, खाली उतरवा आणि गरम असतानाच त्यात लहान चमचाभर हे पीठ घालून ढवळा. दोन मिनिटांत ती डोळ्यांदेखत सैल होते. मोडामुळे तयार झालेला पाचक रस पिठूळपणा तोडतो, म्हणून. पाणी एक थेंब वाढत नाही, अन्न तेवढंच राहतं. पुन्हा एक उकळी द्या, वर चमचाभर तेल किंवा तूप. सासूबाईंना सांगू नका, त्यांच्याच हातानं ढवळायला लावा.

ज्वारीला मात्र मोड आणू नका. कोवळ्या ज्वारीनं जनावराला किराळ लागते हे सासूबाईंनाही माहीत असेल. ते विष मोडातही असतं. साधी ज्वारी दळून पेजेत चालते.