लाल शाईतली ओळ

पत्र : भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. मुलगा अकरावी सायन्सला. केमिस्ट्रीच्या दोन्ही चाचण्यांत २५ पैकी ६ गुण. गणितं येतच नाहीत. फॉर्म्युले पाठ कर म्हणून रोज कानीकपाळी ओरडतो. दोन क्लास आहेत, तिसरा शोधतोय. पेपरांचे फोटो जोडलेत. मी आयटीआयवाला, मला यातलं कळत नाही. ‘नीट’ परीक्षा जमेल का त्याला?

उत्तर : फोटो मोठे करून पाहिले. पहिल्या पेपरावर समासात लाल शाईने ‘लाज वाटते का?’ असं लिहिलंय आणि खाली पालकाची सही आहे. त्या पेपरात पोराने पाचही गणितांना हात घातला होता. दुसऱ्यात पाचही जागा कोऱ्या. गुण तेवढेच, पण आता चुकायचीही भीती बसलीय. मला काळजी याची वाटते.

तिसरा क्लास नको, दुसराही बंद करा. फळ्यावरचं गणित वहीत उतरवणं म्हणजे सराव नव्हे.

आणि फॉर्म्युल्यांचं खूळ डोक्यातून काढा. ९.८ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड उदासीन करायला सोडियम हायड्रॉक्साइड किती लागेल, या गणितात त्याची सूत्रं बरोबर आहेत, समीकरणही बॅलन्स केलंय. मग समीकरणात एका ॲसिडला दोन सोडियम हायड्रॉक्साइड दिसले म्हणून त्याने ९.८ ची दुप्पट केली, १९.६ ग्रॅम. समीकरणातले आकडे नग सांगतात, वजन नाही. तुमच्याकडे एका बोल्टला दोन वॉशर लागत असतील, तर किलोभर बोल्टांना तुम्ही दोन किलो वॉशर आणता का? बोल्ट २० ग्रॅमचा, वॉशर ५ ग्रॅमचा धरा : ५० बोल्ट, १०० वॉशर, म्हणजे अर्धा किलो. इथेही तसंच. मोल हा नुसता मोजायचा गठ्ठा आहे, डझनासारखा. ॲसिडचा मोल ९८ ग्रॅमचा, सोडियम हायड्रॉक्साइडचा ४० चा. ९.८ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, त्याला सोडियम हायड्रॉक्साइडचे ०.२ मोल लागतात, म्हणजे ८ ग्रॅम. यातलं कळत नाही म्हणता, आणि काट्यावर नग मोजण्यात तुमचा जन्म गेला!

नीटला केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न असतात, चुकीला गुण कापतात. सीईटीला कापत नाहीत. पण मुलाला डॉक्टर व्हायचंय का? अख्ख्या पत्रात त्याचं म्हणणं एका ओळीनेही आलेलं नाही.

रविवारी त्याला वर्कशॉपवर न्या. काट्यावर बोल्ट-वॉशर त्यालाच तोलू द्या, मग ॲसिडचं गणित तुम्हाला समजावून द्यायला सांगा. चुकला तर चुकू द्या. आणि येताना ते लाल पेन तिथेच ठेवून या, चलनांवर खुणा करायला.