मुलाचे चार हजार आणि एजंटची पॉलिसी

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४२, नोकरी मिहानमध्ये, हातात पगार ८५,००० रुपये. फॉस्टर केअरसाठी, म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळायला, नऊ वर्षांचा मुलगा घरी येणार आहे. विचारतात : मिशन वात्सल्य या सरकारी योजनेचे महिना ४,००० मिळतील, ते नुकत्याच घेतलेल्या ‘चाइल्ड प्लॅन’ विमा पॉलिसीच्या हप्त्याला लावू की एसआयपीत (म्युच्युअल फंडात दरमहा) घालू?

दोन्हीत नाही. तो पैसा त्या मुलाच्या आजच्या खर्चाचा आहे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा गणवेश, वह्या-पुस्तकं, व्हॅनचे पैसे असं सगळं एकदमच अंगावर येतं. शाळा, शिकवणी, खाणंपिणं, दवाखाना धरून महिना १२,००० समजा. म्हणजे ८,००० तुमच्याच खिशातून जाणार.

आता तुम्ही न विचारलेलं. घराच्या कर्जाचा हप्ता ३२,०००, घरखर्च ३५,०००, उरले १८,०००. त्यातले १०,००० पॉलिसीला आणि ८,००० मुलाला. शिल्लक शून्य! बँकेत दीड लाखाची एफडी, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची सोय.

आणि ही पॉलिसी तरी काय आहे? १५ वर्षं दरसाल १.२० लाख, म्हणजे १८ लाख भरायचे आणि २५ लाख घ्यायचे. परतावा सुमारे ४ टक्के. पीपीएफच्या आजच्या ७.१ टक्क्यांनी हेच ३२ लाखांवर जातात. विमा मात्र १२ लाखांचाच, आणि घराचं कर्ज २८ लाख! उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घर जाईल आणि एकदा घर सुटलेल्या त्या पोराला पुन्हा दुसरीकडे जावं लागेल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

एजंट म्हणाला, ‘मुलगा आला की त्याचं नाव लावू.’ अहो, हे दत्तक नाही. बाल कल्याण समितीच्या आदेशाने तुम्ही त्याला सांभाळणार. घरची परिस्थिती सावरली तर तो आपल्या माणसांकडे परतूही शकतो, आणि तसं झालं तर ते चांगलंच. कायद्याने दत्तकासाठी मोकळा असेल तर दोन वर्षांनी दत्तकाचा मार्ग आहे, पण त्या आशेवर आज १५ वर्षांचा हप्ता बांधून घ्यायचा? एजंटने हे समजूनच घेतलेलं नाही, त्याला फक्त कमिशन दिसलं.

पॉलिसी हातात पडून वीस दिवस झालेत असं तुम्ही लिहिता. फ्री-लूकची, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायची, मुदत ३० दिवसांची असते. याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन ती परत करा आणि पोच घ्या. थोडी कपात होऊन पैसे परत येतील. एजंट ‘थांबा, बघू’ म्हणेल, थांबू नका.

मग एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा, साठीपर्यंत. प्रकृती ठीक असेल, खर्रा-तंबाखू नसेल तर वर्षाला साधारण २०-२५ हजार, म्हणजे महिना दोन हजार. अर्जात काही लपवू नका. पॉलिसीच्या सुटलेल्या दहा हजारांतले उरलेले आठ हजार सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत बँकेतच राहू द्या. एसआयपी त्यानंतर.

अनुदान महिनाभर लांबलं तरी मुलाची फी थांबणार नाही, एवढी तजवीज हवी. आणि त्याच्यासाठी मागे काही ठेवायची इच्छा असेल तर मृत्युपत्र करा. फॉस्टर केअरमधल्या मुलाला तुमच्या मालमत्तेत आपोआप वारसाहक्क मिळत नाही.